मोटारीच्या धुराचा परतीचा प्रवास : ई. जी. आर. यंत्रणेतील बिघाड कसा ओळखावा

धान्याचा व्यापार एके काळी बैलगाडी आणि रेल्वेची वाघीण यांवर चालत असे; आज तो डिझेलवर चालतो. हाथीखान्याच्या बाजारातून गोणी निघते ती छोट्या पिकअप गाडीत बसून डभोई, वाघोडिया, पादरा या गावांच्या दुकानी पोहोचते, आणि बाहेरगावची आवकही बहुतांशी ट्रकनेच येते. गाडी एक दिवस उभी राहिली तर भाडे बुडते, ग्राहकाला दिलेला शब्द बुडतो आणि हमालांची मजुरीही बुडते. म्हणून तराजू, वखार आणि खतावणी यांच्याइतकेच गाडीचे थोडेबहुत ज्ञान व्यापाऱ्यास असावे, असे आमचे मत आहे.

आम्ही शिक्षणाने मॅट्रिक आणि धंद्याने घाऊक धान्याचे व्यापारी. यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. तथापि पेढीच्या गाड्यांच्या दुरुस्तीची बिले गेली अनेक वर्षे आमच्याच हातून चुकती होत आली आहेत, आणि ज्या मालाचे पैसे द्यावयाचे तो माल पारखून घ्यावा, ही आपल्या धंद्याची पहिली शिकवण आहे. अलीकडे या बिलांत एक नाव वारंवार दिसू लागले आहे : ई. जी. आर. व्हॉल्व्ह. हे नाव उच्चारले की मोठा आकडा सांगितला जातो, आणि मालक मुकाट्याने मान डोलावतो. हा भाग म्हणजे काय, तो कशासाठी असतो, तो बिघडला हे कसे ओळखावे आणि न बिघडताच बदलला जात असेल तर ते कसे जाणावे, एवढे सभासद बंधुभगिनींस समजावून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यंत्रणेचे प्रयोजन

ई. जी. आर. म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही अंश सायलेन्सरकडे न जाऊ देता पुन्हा इंजिनाच्या आत वळवणे, असा त्याचा सरळ अर्थ. बाहेर टाकावयाचा धूर पुन्हा आत घेणे ऐकून चमत्कारिक वाटते; चाळून बाजूस काढलेला कोंडा पुन्हा धान्यात मिसळण्यासारखेच ते दिसते. पण त्यात मोठे शहाणपण आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन वायू असतो. एरवी तो निरुपद्रवी आहे, आपण श्वासागणिक तो घेतो आणि सोडतो. परंतु इंजिनाच्या नळकांड्यात इंधन पेटते तेव्हा तेथील उष्णता दीड हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. एवढ्या प्रखर तापात नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हे वायू फुप्फुसांना जाचक आहेत, आणि उन्हात इतर वायूंशी मिळून शहरावर विषारी धुके पसरवतात. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर असे धुके का पसरते, याचा उलगडा हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास केला, आणि तेव्हापासून मोटारीच्या धुराकडे सरकारांचे लक्ष वळले. तेथील मोटारींत ही धूर-परतीची यंत्रणा १९७२-७३ पासून बसू लागली.

धूर आत सोडल्याने ताप कसा उतरतो? एकदा जळून निघालेल्या धुरात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ अधिक असते. हे वायू स्वतः जळत नाहीत. पण ते जागा अडवतात आणि उष्णता शोषून घेतात. चुलीतील धगधगत्या निखाऱ्यांवर थोडी राख लोटली असता जाळ मंद होतो, तसाच हा प्रकार आहे. पेट्रोल इंजिनात असा परत घेतलेला धूर साधारणतः ५ ते १५ टक्के असतो. डिझेल इंजिनात हलक्या भारावर तो ५० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. मात्र इंजिन थंड असताना, अथवा गाडी पूर्ण भाराने चढ चढत असताना, ही वाट बंद ठेवली जाते. कारण त्या वेळी इंजिनास शुद्ध हवेची गरज असते. केव्हा उघडावे, किती उघडावे आणि केव्हा मिटावे, या तीन गोष्टींतच या यंत्रणेचे सर्व यश आहे, आणि त्या चुकल्या की बिघाड.

भागांची ओळख

या यंत्रणेचे मुख्य भाग चार. पहिला, धूर वाहून नेणारी लोखंडी नळी. दुसरा, व्हॉल्व्ह म्हणजे उघडमीट करणारी झडप. जुन्या गाड्यांत ही झडप हवेच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, रबरी नळीच्या साहाय्याने हलते. नव्या गाड्यांत छोटी विजेची मोटार ती हलवते आणि ती कितपत उघडली हे एक सेन्सर संगणकाला कळवतो. तिसरा, कूलर, यात कूलंटचे पाणी खेळते आणि कढत धूर थंड होऊन आत जातो. चौथा म्हणजे कारभारी : गाडीचा संगणक आणि त्याला वार्ता देणारे सेन्सर. त्यांतील हवेचे माप घेणारा सेन्सर पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा.

सर्वच गाड्यांत ही यंत्रणा याच रूपात आढळते असे नाही. पुष्कळशा छोट्या पेट्रोल गाड्यांत ती वेगळी बसवलेलीच नसते. आपल्या मालवाहू डिझेल गाड्यांत मात्र ती बहुधा असतेच.

बिघाडाचे मूळ

धुरात काजळी असते. इंजिनाच्या पोटातून तेलाची वाफही हवेच्या वाटेत येते. काजळी आणि तेल एकत्र झाले की डांबरासारखा चिकट थर बनतो, आणि तो झडपेवर व आतल्या नळ्यांत दिवसेंदिवस चढत जातो. आपल्या धंद्यातील गाड्यांना हा रोग अधिक जडतो, त्याचे कारण त्यांची चाल. बाजाराच्या गल्लीत इंजिन चालू ठेवून माल उतरविणे, मांडवीपासून चार दुकानांवर थांबत थांबत जाणे, इंजिन पुरते तापण्याआधीच बंद करणे, या साऱ्याने काजळी वाढते आणि ती जळून जाण्यास अवसर मिळत नाही. द्रुतगती मार्गावरून अहमदाबादेस एका दमात जाणारी गाडी या बाबतीत अधिक सुखी असते.

इंधनाचाही यात भाग आहे. डिझेलमधील गंधकापासून धुरात आम्ल तयार होते आणि ते कूलरच्या धातूस खाते. भारत स्टेज-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. स्टेज-४ मध्ये ती मर्यादा ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज-६ मध्ये केवळ १० उरली. आपल्या शहराजवळच्या कोयली येथील रिफायनरीसारख्या कारखान्यांना त्यासाठी मोठे फेरफार करावे लागले. ते केवळ कागदी नियमासाठी नव्हते. धूर-शुद्धीची नाजूक यंत्रणा गंधकापुढे टिकत नाही, हे त्याचे कारण होय.

तीन बिघाड, तीन लक्षणे

या यंत्रणेचे मुख्य बिघाड तीन, आणि त्यांची लक्षणे निरनिराळी आहेत. बहुतेक गोंधळ ही तीन एकच मानल्यामुळे होतो.

पहिला बिघाड : झडप उघडी अडकणे. मग धूर नको तेव्हाही आत येत राहतो. डिझेल गाडी भार ओढत नाही, चढावर धापा टाकते, ॲक्सिलरेटर दाबताच मागून काळा धूर निघतो आणि डिझेलचा खर्च वाढतो. पेट्रोल गाडी उभ्या जागी थरथरते, कधी सिग्नलवर बंदच पडते.

दुसरा बिघाड : झडप मिटलेली अडकणे, अथवा वाट काजळीने बुजणे. येथे गंमत अशी की चालकास बहुधा काहीच जाणवत नाही. पेट्रोल इंजिनात भाराखाली खणखण असा आवाज येऊ शकतो. डिझेलमध्ये मात्र गाडी पूर्ववत चालते, फक्त इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. नायट्रोजनचे विषारी वायू वाढलेले असतात, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत.

तिसरा बिघाड : कूलर फुटणे. कूलंट वारंवार कमी होते, परंतु गाडीखाली थेंबही सांडलेला नसतो. कारण ते धुराच्या वाटेने इंजिनात जाऊन जळत असते. मागून पांढरी, गोडसर वासाची वाफ निघते. या बिघाडाकडे दुर्लक्ष करणे अत्यंत धोक्याचे आहे. २०१८ साली दक्षिण कोरियात बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या कित्येक डिझेल मोटारींना चालता चालता आगी लागल्या. कूलरमधून झिरपलेले कूलंट काजळीत मिसळून साचले आणि कढत धुराने ते पेटले, असे कारण कंपनीने दिले. त्या देशात सुमारे १ लाख ६ हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या. कूलंट घटत असेल तर नुसते वरून पाणी ओतत राहणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

सोंग घेणारे इतर रोग

काळा धूर आणि ओढ कमी, एवढ्यावरून ई. जी. आर. वर बोट ठेवणे म्हणजे पोत्याचा रंग पाहून गव्हाचा भाव ठरविणे आहे. हवेचा फिल्टर चोंदला असेल तरी हीच लक्षणे दिसतात. आपल्या बाजारात धान्याची धूळ आणि भुसा हवेत सदैव उडत असतो, म्हणून आपल्या गाड्यांचे फिल्टर लवकर चोंदतात. टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप फाटला असेल, हवामापक सेन्सरवर मळ बसला असेल, एखादा इंजेक्टर गळत असेल, तरीही चित्र असेच दिसते. कूलंट घटणे हे हेड गॅस्केट जळल्याचेही लक्षण असू शकते. म्हणून निदान क्रमानेच झाले पाहिजे, आणि ज्यास पैसे लागत नाहीत ती परीक्षा आधी, हा व्यापारी नियम येथेही लागू पडतो.

परीक्षेचा क्रम

पहिली पायरी डोळ्यांची व कानांची. इंजिन थंड असताना बॉनेट उघडून हवेचा फिल्टर पाहावा, रबरी नळ्या हाताने चाचपाव्यात, विजेची जोडणी सैल नाही ना हे बघावे, कूलंटची पातळी पाहून नोंद करावी. पिळल्यावर रबरी नळीला बारीक चिरा दिसल्या तर शोध तेथेच संपण्याचा संभव असतो.

दुसरी पायरी स्कॅनरची. भारतात स्टेज-४ च्या गाड्यांपासून इंजिनाचा संगणक स्वतःचे दोष नोंदवून ठेवू लागला. दिवा लागतो तो या नोंदीमुळेच. प्रत्येक दोषास सांकेतिक क्रमांक असतो. ई. जी. आर. संबंधीचे मुख्य क्रमांक असे : पी ०४०१ म्हणजे परतणारा धूर अपुरा, पी ०४०२ म्हणजे तो गरजेहून अधिक, पी ०४०३ म्हणजे झडपेच्या वीजमंडलात दोष, पी ०४०४ म्हणजे झडप हुकमाप्रमाणे हलत नाही, पी ०४०५ व पी ०४०६ म्हणजे झडपेची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा संदेश अनुक्रमे फार कमी वा फार अधिक. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. क्रमांक रोगाचे लक्षण सांगतो, रोगाचे मूळ सांगत नाही. ‘धूर अपुरा’ याचा अर्थ ‘झडप बदला’ असा नव्हे. वाट बुजली असेल, नळी फाटली असेल, हवामापक खोटे सांगत असेल, किंवा झडप खरोखरच गेली असेल. चारही वेळा क्रमांक एकच येऊ शकतो. क्रमांक पुसून टाकण्याआधी तो कागदावर लिहून घ्यावा.

तिसरी पायरी खऱ्या कसोटीची. इंजिन गरम होऊन उभ्या जागी चालू असता स्कॅनरवरून झडपेस उघडण्याचा हुकूम देता येतो. त्याच वेळी हवामापकाचा आकडा पाहावा. झडप उघडली आणि धूर आत आला, तर तेवढ्या जागेपुरती बाहेरची हवा कमी खेचली जाईल. म्हणजे आकडा स्पष्टपणे उतरला पाहिजे आणि झडप मिटताच पूर्ववत चढला पाहिजे. स्थितीदर्शक सेन्सर ‘झडप उघडली’ म्हणतो, पण हवेचा आकडा ढळत नाही, असे झाल्यास झडप हलते आहे परंतु वाट बुजली आहे. हुकूम देऊनही स्थितीच बदलत नसेल, तर दोष झडपेत किंवा तिच्या तारांत. ज्या पेट्रोल गाडीत हवामापक नसतो तिच्यात इंजिनाची चाल पाहावी : झडप उघडताच इंजिन अडखळले तर वाट मोकळी आहे, ढिम्म राहिले तर बुजलेली आहे.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या झडपेस ही कसोटी हातपंपाने घेता येते. रबरी नळी काढून त्या जागी हातपंप लावावा व ओढ द्यावी. काटा स्थिर राहिला पाहिजे. उतरू लागला तर झडपेचा आतील पडदा फाटला आहे. ओढ दिली असता इंजिनाची चाल बदलली तर झडप व वाट दोन्ही ठीक आहेत, आणि दोष अलीकडे, म्हणजे नळीत अथवा ओढ सोडणाऱ्या विजेच्या स्विचात, शोधावा.

चौथी पायरी कूलरची. संशय असेल तर कूलरच्या पाण्याच्या बाजूस हवेचा दाब देऊन तो टिकतो की नाही हे पाहतात. दाब उतरला की गळती सिद्ध झाली.

या सर्व कामात दोन सावधगिऱ्या पाळाव्यात. धुराची नळी व कूलर चालू इंजिनात अतिशय तापलेले असतात. उघड्या हाताने स्पर्श करू नये, आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. तसेच बंद वखारीत इंजिन चालू ठेवून परीक्षा घेऊ नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो माणसास नकळत बेशुद्ध करतो.

एक उदाहरण

आमच्या पेढीच्या एका जुन्या पिकअप गाडीचा पिवळा दिवा लागला. ती व्हॅक्यूमच्या झडपेची गाडी. एका गॅरेजात स्कॅनरवर पी ०४०१ क्रमांक आला आणि नवी झडप घालण्याचा अंदाज लगोलग हाती ठेवला गेला. आम्ही विचारले, “झडप गेली हे कोणत्या परीक्षेवरून ठरले?” उत्तर मिळाले, “शेठ, कोड आला ना!” गाडी आम्ही तेथून परत आणली व एका वयस्क मिस्त्रीस दाखविली. त्याने प्रथम हातपंप लावला. काटा स्थिर राहिला, आणि ओढ देताच इंजिन अडखळले. म्हणजे झडप शाबूत, वाटही मोकळी. मग त्याने रबरी नळीचा माग काढला. एका लोखंडी पट्टीवर घासून ती खालच्या बाजूने चिरली होती. वरून पाहता काहीच दिसत नव्हते. हातभर नळी बदलली, क्रमांक पुसला, आणि गाडी भरून फिरवून आणली. दिवा पुन्हा लागला नाही. नव्या झडपेच्या खर्चाशी तुलना करता नळीचा खर्च अगदीच क्षुल्लक होता. पण आमच्या दृष्टीने शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच : नवी झडप घातली असती तरी फाटकी नळी फाटकीच राहिली असती, आणि दिवा चार दिवसांत पुन्हा लागला असता.

पत्र्याच्या तुकड्याचा मोह

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. पुष्कळ ठिकाणी सांगतात, “झडप साफ कशाला, बदलता कशाला? मध्ये पत्र्याचा तुकडा घालून वाटच बंद करू; ओढ वाढेल आणि पुन्हा कधी त्रास होणार नाही.” चालकांनाही हा उपाय प्रिय आहे. यात अंशतः तथ्य आहे हे आम्ही नाकारीत नाही : धूर आत येणे थांबले की काजळी कमी साचते, आणि काही गाड्या हलक्या हाताने चालवताना थोड्या मोकळ्या वाटतात. पण या सौद्याची दुसरी बाजूही खतावणीत मांडली पाहिजे.

नव्या गाडीचा संगणक झडप उघडल्यावर हवा उतरते की नाही हे पाहत असतो. ती उतरली नाही की दिवा लागतो, आणि काही गाड्यांत संगणक इंजिनाची ताकदच आखडती घेतो. वॉरंटी जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) अन्वये हवेच्या प्रदूषणाचे मानक मोडणारी गाडी चालविणे हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

कोणी म्हणेल, पी. यू. सी. च्या तपासणीत तर गाडी सुखाने पास होते. ते खरे आहे, आणि त्याचे कारण समजून घ्यावे. डिझेल गाडीच्या या तपासणीत धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनचे वायू मोजतच नाहीत. पत्रा घातलेल्या गाडीचा धूर कदाचित अधिक स्वच्छही दिसेल. जे विष दिसत नाही ते त्या कागदावर येत नाही, इतकेच.

या ठिकाणी एक मोठे उदाहरण आठवते. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने आपल्या ई. ए. १८९ जातीच्या डिझेल इंजिनांत अशी आज्ञावली घातली होती की गाडी प्रयोगशाळेत तपासणीस उभी आहे हे संगणकाने ओळखावे आणि तेवढ्यापुरता धूर नियमाप्रमाणे परतवावा. रस्त्यावर मात्र तो कमी परतवावा. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत या कंपनीची लबाडी उघड झाली. आपल्याकडे पुण्याच्या ए. आर. ए. आय. या संस्थेने तपास केला आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याआधी जुलै २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या हालोल येथे तेव्हा कारखाना असलेल्या जनरल मोटर्स कंपनीला टवेरा जातीच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या धुराच्या परिमाणातील दोषामुळेच परत बोलवाव्या लागल्या होत्या.

तराजूशी जन्म काढलेल्या आम्हा व्यापाऱ्यांना या लबाडीचे स्वरूप समजावयास वेळ लागत नाही. निरीक्षक आला की खरे वजन, ग्राहक आला की खोटे. दोन तऱ्हेची मापे, एवढेच ते आहे. अशा मापाने तोलणाऱ्यास बाजारात उभे करू नये, असा आपल्या मंडळींचा संकेत आहे. मग पत्रा घालून पी. यू. सी. चा कागद खिशात ठेवणे, हे त्याहून निराळे कसे? फरक इतकाच की येथे नागविला जाणारा ग्राहक दुकानात येत नाही. बाजाराच्या अरुंद गल्लीत दिवसभर गोण्या वाहणारा हमाल, फाटकाशी बसणारी भाजीवाली आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर नांदणारी आपलीच लेकरे, ही मंडळी तो वायू घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुरास कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. जीवदयेचा विचार ज्यांच्या घरात रोज होतो त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

निगा व दुरुस्ती

बुजलेली झडप बहुधा साफ करून पुन्हा चालविता येते. ती काढून कार्बन विरघळविणाऱ्या द्रावाने व मऊ ब्रशाने स्वच्छ करावी. विजेच्या मोटारीच्या बाजूस द्राव जाऊ देऊ नये, आणि बसविताना गॅस्केट नवे घालावे. झडपेपुढची नळीही साफ करावी, नाहीतर अर्धेच काम होते. विजेची झडप बसविल्यावर तिची मिटलेली व उघडी स्थिती स्कॅनरवरून संगणकास पुन्हा शिकवावी लागते. हे न केल्यामुळे चांगली झडपही बिघडलेली भासते. पडदा फाटला, मोटार जळली किंवा कूलर गळला, तर मात्र भाग बदलण्यास पर्याय नाही, आणि तेथे काटकसर करू नये.

स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळीही असते. ई. जी. आर. बिघडून काजळी वाढली की ही जाळी लवकर भरते, आणि तिची किंमत झडपेहून पुष्कळच अधिक असते. म्हणून नव्या गाडीत दिवा लागताच विलंब करू नये.

काजळी साचू नये यासाठी तीन सवयी पुरेत. माल उतरताना इंजिन बंद ठेवावे. हवेचा फिल्टर व तेल वेळेवर, आणि तेल कंपनीने सांगितलेल्या जातीचेच घालावे. आठवड्यातून एकदा तरी गाडी इंजिन पूर्ण तापेल अशा लांब फेरीस न्यावी. नेहमी गल्लीत फिरणाऱ्या गाडीस बाहेरगावच्या फेऱ्या आळीपाळीने द्याव्यात.

शेवटी गॅरेजात विचारावयाचे चार प्रश्न येथे देतो. प्रत्येक सभासदाने ते आपल्या चालकासही सांगून ठेवावेत. क्रमांक कोणता आला? झडप उघडली असता हवेचा आकडा उतरला की नाही? रबरी नळ्या, फिल्टर आणि तारा तपासल्या का? बदललेला जुना भाग परत मिळेल का? प्रामाणिक मिस्त्रीस हे प्रश्न आवडतात, कारण त्याच्या मेहनतीची कदर करणारे गिऱ्हाईक त्याला भेटलेले असते. तेव्हा उत्तरे नीट मिळाली तर सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. कारण निदानाचे श्रम हेही श्रमच आहेत, आणि सुट्या भागाहून त्यांचे मोल कमी नाही.